काच सोडून बाकी सगळं

२५ ऑक्टोबर १९८२, सोमवार. संध्याकाळ.

गाडीची पुढची काच फुटली आहे हे आज पक्कं झालं. पवनीचा डोमा मिस्त्री सायकलवर आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "फुटली जी." मला सकाळपासून तोच अंदाज होता. पण जाणकाराने सांगितलेलं बरं असतं.

काच जागेवरच आहे. फक्त आरपार काही दिसत नाही. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी झाली आहे. बोट लावलं की चार दाणे डॅशबोर्डवर पडतात. बोट लावणं बंद.

कारण: गोफण. गाडी शेताच्या बांधावर उभी होती. लवकर पिकणाऱ्या हलक्या धानावर पोपट उतरले होते आणि आमचा गडी जागेश्वर गोफण चुकीच्या पद्धतीने फिरवत होता. मी कृषी विस्तार अधिकारी म्हणून जन्म काढला आहे. योग्य पद्धत दाखवणं भाग होतं. नेमका दगड सुटताना वारा फिरला. जागेश्वर म्हणतो वारा नव्हता. काचेच्या आवाजाने पोपट मात्र उडाले. म्हणजे हेतू साध्य झाला.

बैल जुंपून गाडी घरी ओढत आणली, तेव्हा पुष्पाने काचेबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आता ललिताले कायच्यात आनता?"

ललिता आमची एकुलती मुलगी. गोंदियाला दिली आहे. सातवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मागच्या खेपेला ती एसटीने आली होती, आणि घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले एसटीचा संबंध नाही. विहीणबाई गोदावरीबाई म्हणाल्या, आहेच. त्यांनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, पोर एसटीत बसणार नाही. म्हणून तर अक्षय्य तृतीयेला ही सेकंडहँड अँबेसेडर घेतली. दिवाळीच्या आत ललिताला आणायचं आहे, कारण त्यांच्याकडे आठव्यात सून घराबाहेर पाठवत नाहीत.

काळजीचं कारण नाही. गाडीचा फुल विमा आहे. पुष्पाचा भाऊ गोपीचंद याने काढून दिला. त्याचे शब्द अजून आठवतात: "भाऊजी, टायरातली हवा सोडून सगळं कव्हर हाय."

संकल्प: आठवड्यात नवी काच.

२६ ऑक्टोबर

भंडाऱ्याला विमा ऑफिसात गेलो. (एसटीने. मला चालते.) तिथे केवळरामजी म्हणून साहेब आहेत. फार सज्जन. आधी चहा मागवला, मग विषय विचारला. काच कव्हर आहे म्हणाले. मी मनात म्हटलं, बघ पुष्पा. फक्त नागपूरहून सर्वेअर येऊन पाहणार. तोवर गाडी जशी आहे तशी ठेवायची. "दाना बी हलवू नका, केशवरावजी. सर्वेअरनं पाह्यलं पायजे का फुटली कशी."

पुष्पा म्हणते, "डोमा नागपूरहून काच आनून देतो म्हनते. दोन दिवसाचं काम. बसवून टाका अना पोरीले घेऊन या." मी तिला शांतपणे समजावलं की सर्वेच्या आधी काच बसवली की क्लेम मेला. हप्ता कशाला भरला मग? प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे.

ती म्हणाली, "तत्त्वाले कितवा महिना लागला?"

बायकांना विमा कळत नाही.

२७ ऑक्टोबर. दसरा.

गाडीची पूजा केली. हळद-कुंकू बॉनेटवर. हार वायपरला अडकवत होतो, तेवढ्यात काचेचे पाच-सहा दाणे पडले. हार काढून घेतला. सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, काच कशी फुटली. प्रत्येकाला वाऱ्याचं सांगितलं. जागेश्वर शेजारीच उभा होता. उद्यापासून त्याला दुसऱ्या शेतावर पाठवावं.

३ नोव्हेंबर

सर्वेअर नाही. काचेला आपोआप भोक पडलं, ताटाएवढं. युरियाचं रिकामं पोतं बांधलं. मग आठवलं, जशी आहे तशी. पोतं सोडलं.

७ नोव्हेंबर

आमची काळी कोंबडी भोकातून आत शिरून ड्रायव्हरच्या सीटवर बसते. पुष्पा तिला हुसकत नाही. म्हणते, "खुडूक हाय. बसू द्या. कोनाच्या तरी कामी आली गाडी."

ललिताचं कार्ड आलं. 'बाबा, गाडी कधी येते? सासूबाई रोज विचारतात आणि मी रोज उद्या म्हणते. मी पेटी भरून ठेवली आहे. आईला म्हणावं, मला तिच्या हातची लाखोळीची भाजी खायची आहे, इथली मला जात नाही.'

लगेच उत्तर टाकलं: 'क्लेम प्रगतिपथावर आहे. तब्येतीस जपावे.'

पुष्पाने भाड्याच्या टॅक्सीचा विषय काढला. भंडाऱ्याच्या स्टँडवर मिळते म्हणे. मी म्हटलं, घरची गाडी दारात उभी असताना भाड्याची घेऊन गेलो तर विहीणबाई काय म्हणतील?

"म्हनतील, बाप आला."

यावर उत्तर सुचलं होतं, पण ती आत निघून गेली.

११ नोव्हेंबर

गोपीचंद फराळाला आला. तीन चकल्या खाऊन झाल्यावर सहज म्हणाला, "भाऊजी, काचेसंगं दुसरं काही फुटलं का गाडीचं?" नाही म्हटलं. तर म्हणाला, "मंग जरा अडचन हाय." नुसती काच फुटली तर ती विम्यात धरत नाहीत. त्याच अपघातात गाडीचं आणखी काही मोडलं तरच काच धरतात.

मी म्हटलं, हे तू आधी का नाही सांगितलंस?

"तुमी काहून नाही विचारलं?"

पुष्पा स्वयंपाकघरातून म्हणाली, "हवा सोडून सगळं म्हने!" तो म्हणाला, "अवो बाई, हवा सोडून सगळं हायच ना. पन सगळ्याले अटी हाय." मग गाडीजवळ जाऊन बॉनेटकडे बराच वेळ पाहत राहिला. "दुसरा गोटा नाही ना लागला कुठं? नीट आठवून पाहा."

मी त्यातला माणूस नाही. स्पष्ट सांगितलं.

तो गेल्यावर सहज पाहिलं. डावा वायपर थोडा वाकलेला आहे. आधीपासूनच होता का? आठवत नाही. आठवत नाही हे खरं आहे, आणि खरं तेच कंपनीला लिहिणार. अडचण सुटली.

१५ नोव्हेंबर. दिवाळी.

कंपनीला सुट्टी. सर्वेअर दिवाळीनंतर.

पुष्पाने ललितासाठी वेगळा डबा भरला आणि फळीवर ठेवून दिला. मला त्यातली करंजी मिळाली नाही.

आज एक साधा उपाय सुचला. आधी कसा सुचला नाही? काच नसली तर गाडी चालत नाही असं थोडंच आहे? इंजिन ठणठणीत. गॉगल आणि मफलर लावून सावकाश गोंदियाला जायचं, ललिताला मागच्या सीटवर शाल पांघरून बसवायचं. भाऊबीजेच्या आत काम फत्ते. पुष्पाला अजून सांगितलं नाही. आधी ट्रायल.

१६ नोव्हेंबर

ट्रायल घेतली. डोमाचा वेल्डिंगचा चष्मा आणला होता. त्यातून रस्ता दिसत नव्हता. काढला. मग रस्ता दिसला, पण डोळे उघडे राहीनात. धूळ. धानाच्या तणसाने भरलेली बैलबंडी समोरून आली आणि अर्धं तणस माझ्या मांडीवर आलं. कोंबडी मागच्या सीटखाली आहे हे माहीत नव्हतं. तलावाच्या पाळीवर ती ओरडत माझ्या खांद्यावरून भोकातून बाहेर गेली. काचेचा उरलेला भागही गेला. पाळीवर जाळी सुकवत बसलेले लोक उठून उभे राहिले. मला वाटलं मदतीला येत आहेत. ते हसायला उठले होते.

पुष्पा दारातच उभी होती. माझ्या डोळ्यांत तूप घालताना म्हणाली, "याच्यात दोन जीवाची पोर बसवाल?"

तिचा चेहरा दिसला नाही. डोळे मिटलेले होते.

२२ नोव्हेंबर

सर्वेअर आला! पोरगेला, पण हुशार वाटला. गाडीचे फोटो घेतले. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. त्याने दुसरेच प्रश्न विचारले.

गाडी कुठे उभी होती? माझ्या शेतात. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर नव्हती? नव्हती. लिहिलं.

काच तर जागेवर आहे असं कळवलं होतं, मग कुठे आहे? ट्रायलचं सांगितलं. म्हणजे नुकसान झाल्यावर गाडी चालवली? चालवली, पण सावकाश. लिहिलं.

दगड कोणी मारला? मी म्हटलं, गोफणीतून सुटला. गोफण कोणाच्या हातात होती? मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात जागेश्वर म्हणाला, "साहेबाच्याच." मी वाऱ्याचा खुलासा केला. सर्वेअरने जागेश्वरला विचारलं, वारा होता का? जागेश्वरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता हाय जी थोडासा."

वायपर मी आपणहून दाखवला. तो म्हणाला, हा गंज जुना आहे.

एकंदरीत मुलाखत चांगली झाली. जाताना त्याने हात जोडले. रिपोर्ट विरुद्ध असता तर जोडले असते का?

२५ नोव्हेंबर

परवा गोंदियाला जाऊन आलो. विहीणबाईंना सविस्तर समजावून सांगितलं. सर्वे झाला, आता मंजुरीच बाकी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुमचं? आता माहं आयका. आठवा लागला, इवाई. आठव्यात आमी पोरीले उंबरा वलांडू देत नाही. हे मी साक्षगंधाच्या दिवशी नाही सांगतलं, कारन तुमी विचारलं नाही. पन या खेपेले आधीच सांगतलं होतं."

मी म्हटलं, नववा लागताच गाडी दारात उभी करतो. त्या म्हणाल्या, "नवव्यात डाक्टर म्हनन तसं."

ललिता दाराआड उभी होती. पाय सुजले आहेत. चेहरा उतरला आहे. मला पोचवायला अंगणापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी टॅक्सीत बी आलो असतो. बंडीत बी आलो असतो. तुमी या म्हनाले पायजे होतं फक्त."

मी म्हटलं, बेटा, आता मंजुरी आलीच समज.

परतीच्या एसटीत पूर्ण वेळ उभं राहावं लागलं. रस्त्यात बरेच खड्डे आहेत. पूर्वी लक्षात आले नव्हते.

६ डिसेंबर

भंडारा. केवळरामजींनी चहा मागवला. चांगली बातमी! सर्वेअरचा रिपोर्ट तितकासा चांगला नाही, पण केवळरामजींनी माझं वय आणि सरकारी सेवा पाहून वर शब्द टाकला. काच मंजूर होऊ शकते. फक्त काही बारीक गोष्टी आहेत.

पहिली. काच मंजूर, पण काचेभोवतीचं रबर मंजूर नाही. मी विचारलं, रबराशिवाय काच बसेल कशी? "ते आमी नाही सांगत जी. आमी फक्त काच देतो." मी म्हटलं रबर माझं. त्यांना बरं वाटलं.

दुसरी. सुरुवातीचा खर्च मालकाचा, त्यावरचा कंपनीचा. आणि सुरुवात कुठे संपते? साधारण काचेच्या किमतीपाशी. हे मला नीट कळलं नाही, पण त्यांनी इतकं समजुतीने सांगितलं की पुन्हा विचारवेना.

तिसरी. काच नागपूरला, कंपनीने ठरवलेल्या गॅरेजमध्येच बसवायची. गाडी तिथे न्यायची. मी म्हटलं, चालवत नेतो. तर म्हणाले, बिनकाचेची गाडी रस्त्यावर आणली की विमाच थांबतो. मग ओढत नेऊ? ओढत नेणं विम्यात बसत नाही. ट्रकवर चढवून? चढवताना काही झालं तर तेही बसत नाही.

"मग गाडी नागपूरला न्यायची कशी?"

केवळरामजींनी खिडकीबाहेर पाहिलं. खरंच विचार करत होते. मग म्हणाले, "मी बी तेच म्हनतो साहेब लोकायले. पन वरून आलं हाय." आणि आणखी एक चहा मागवला.

दोघांनी चहा घेतला.

संकल्प: नागपूरच्या मोठ्या ऑफिसला अपील.

७ डिसेंबर

अपील रजिस्टरने टाकलं. भाषा कडक, पण सभ्य. इंग्रजीत. पुष्पाला वाचून दाखवलं. तिने कोंबडीच्या पिलांना कणी टाकता टाकता ऐकलं. पिलं सात. गाडीतच निघाली.

१४ डिसेंबर

जवाईबापूंचा निरोप आला. नववा लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. प्रवास बंद. बाळंतपण गोंदियालाच.

पुष्पा भांडली नाही. भांडली असती तर मला मुद्दे मांडता आले असते. तिने डिंक, मेथी, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे पिशवीत भरले. फळीवरचा दिवाळीचा डबा उघडून पाहिला. चकल्या खवट झाल्या होत्या. तो जागेश्वरच्या म्हशीपुढे रिकामा केला आणि डबा घासून पुन्हा भरायला बसली.

मी म्हटलं, पहिलं बाळंतपण सासरी, लोक काय म्हणतील.

ती म्हणाली, "लोकं काय म्हनतील ते तुमीच आयका. मी जातो. पोर एकटी हाय."

सकाळच्या एसटीत बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, "पिलाईले दाना टाकजा. अना रातच्याले दार लावजा." गाडी सुटेपर्यंत आणखी काही बोलेल म्हणून थांबलो. ती समोर पाहत होती.

१९ डिसेंबर

भात करता येतो. वरण लागलं. धान कापून झालं, मळणी चालू आहे, घरात कोणी नाही.

डोमा विचारायला आला, "काच आनू का जी? परवा नागपूरले जाऊन राहिलो." मी हो म्हणणार होतो. खरंच. तोंडापर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात टपालाने नागपूरचं पत्र आलं. अपील दाखल झालं आहे, दुसरा सर्वेअर नेमण्यात येईल, तोपर्यंत गाडीच्या स्थितीत बदल करू नये.

डोमाला थांब म्हटलं. तो म्हणाला, "बरं," आणि सायकलवर बसला. मग उतरून म्हणाला, "बाईसाहेब आल्या का?" नाही म्हटलं.

हा एक प्रकारे विजयच आहे. अपील दाखल होणं सोपं नसतं. हे सांगायला घरात कोणी नव्हतं. जागेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं जी. पन मंग काच?"

३१ डिसेंबर

तार आली. मुलगी. काल दुपारी. दोघी सुखरूप.

तार पोस्टमनला वाचून दाखवायला लावली. मला वाचता येत होती, पण चष्मा धूसर झाला होता. त्याला गूळ दिला. साखर कुठे ठेवली आहे ते माहीत नाही.

अंगणात जाऊन उभा राहिलो. गाडी होती.

९ जानेवारी १९८३, रविवार. संध्याकाळ.

काल पुष्पाचं पत्र आलं. तिच्यासाठी शेजारच्या मुलीने लिहून दिलं असावं, अक्षर चांगलं आहे. बाळ गोरं आहे. नाक आमच्याकडचं. ललिताला ताप होता, आता नाही. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात नेताना गोदावरीबाईंनी शेजाऱ्याची रिक्षा सांगितली आणि ललिताचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. बारसं सोमवारी. शेवटी लिहिलं आहे: 'बारशाले या. गाडी आनू नका.'

गोपीचंद संध्याकाळी सायकलने येऊन सांगून गेला. दुसरा सर्वेअर उद्याच येतो आहे, अकराच्या सुमाराला. मालक हजर नसला तर केस बंद करतात. हीपण एक अट आहे म्हणे. म्हणाला, "भाऊजी, तुमी काही उठू नका जागचे. बारसं काय, होऊन जाते." मी विचार केला. बराच वेळ केला. अपिलाची नक्कल काढून वाचली. इंग्रजी खरोखर चांगली उतरली होती.

जागेश्वरला सांगितलं आहे, सर्वेअर आला तर गाडी दाखव, विचारतील ते सांग, वाऱ्याचं काही बोलू नकोस. तो म्हणाला, "वाऱ्याचं मी कधी बोललो जी?"

पिशवी भरली. बाळाला चांदीचे वाळे. ललिताला लाखोळीची भाजी. जागेश्वरच्या बायकोने शेतातून खुडून, निवडून दिली. पुष्पाच्या हातची नाही, पण इथली आहे.

पवनीहून पहाटेची भंडारा गाडी. तिथून गोंदियाची. दुपार होईल. बारसं चारला आहे, तोवर पोचेन. ललिता माझ्याशी बोलेल की नाही, याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही.